बर्फ पडेना

आइसमेकर बंद पडला हे घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं, कारण त्याचा आवाज फक्त मलाच ऐकू यायचा. न्यू जर्सीत एडिसनला लेकीकडे आले की माझी झोपायची खोली स्वयंपाकघराला लागून असते. रात्री केव्हातरी फ्रीजच्या पाठीमागे गुणगुणल्यासारखा आवाज व्हायचा, पाणी सुटल्याचं ऐकू यायचं आणि बऱ्याच वेळानं बर्फाचे खडे धडाधड खालच्या डब्यात पडायचे. मुलगी-जावई वरच्या मजल्यावर, त्यांना याचा पत्ताच नाही. ऐन जुलैत तो धडधडाट थांबला तेव्हा खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. मग एका दुपारी नातवानं फ्रीजच्या दारातल्या खाचेत ग्लास दाबला आणि आतून नुसती गरगर ऐकू आली. खडा एकही नाही.

आमच्या सांगलीच्या घरात बर्फ म्हणजे पाहुणे येणार असतील तर आदल्या रात्री ट्रेमध्ये पाणी घालून ठेवायचं, आणि सकाळी ट्रे पिळायचा. बर्फाशिवाय कुणाचं काही अडत नाही. उलट घशाला लागेल म्हणून लहान मुलांपासून तो लपवलेलाच असतो. इथे मात्र ग्लासात आधी काठोकाठ बर्फ, मग उरलेल्या जागेत पाणी. त्यातून शनिवारी मंडळातली मंडळी जेवायला यायची होती आणि मी कोकम सरबत करणार होते. म्हणजे बर्फ हवाच.

जावयानं फ्रीज उघडला, वर पाहिलं, आणि म्हणाला, "आई, तुम्ही हात लावू नका. मी नवीन आइसमेकर मागवतो, अख्खा बदलून टाकू." मेकॅनिकला बोलवायचं तर नुसतं येऊन बघायचेच शंभर डॉलरच्या वर जातात म्हणे. नवा खोका येईपर्यंत दुकानातून बर्फाची पिशवी आणायची, असं ठरलं. दोघं कामाला गेली. मी आणि तो फ्रीज घरात.

शाळेत मी जन्मभर इतिहास शिकवला. यंत्राच्या बाबतीत माझी मजल मिक्सरचा ब्रश बदलून आणण्यापलीकडे गेलेली नाही, आणि तोही दुकानदारच बसवून द्यायचा. पण माझ्या धाकट्या भावाचं सांगलीत फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. उन्हाळ्यात इथले सकाळचे नऊ म्हणजे तिथले संध्याकाळचे साडेसहा. दुकानात तो असतोच. व्हिडिओ कॉल लावला.

"काय गं ताई, जेवलीस का?"

"अरे, इथं सकाळ आहे. फ्रीजमधला आइसमेकर बंद पडलाय."

त्याच्या चेहऱ्यावर एकदम तरतरी आली. पाण्याची लाइन थेट जोडलेले फ्रीज आपल्याकडे कमीच येतात, त्यामुळे असलं यंत्र त्यानं फारसं खोललेलं नव्हतं. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो आइसमेकरबद्दल नव्हताच. "आइस्क्रीममध्ये चमचा रुततो का बघ."

रुतत नव्हता. मुळीच नाही. मी म्हटलं, दारावरच्या आकड्यांतही शून्य अंश फॅरनहाइट दिसतंय, म्हणजे उणे अठरा सेल्सिअस. तर तो म्हणाला, त्या आकड्याचं सोड, पुष्कळ फ्रीजमध्ये तो आकडा म्हणजे आपण मागितलेलं तापमान असतं, आत खरोखर असलेलं नव्हे. आइस्क्रीम खोटं बोलत नाही. फ्रीझर पुरेसा गार नसेल तर आइसमेकर आपण होऊन थांबतो आणि मग दोष गॅस, कॉम्प्रेसर, दाराचं रबर असा भलतीकडेच निघतो. ते सगळं चमच्यानं निकालात काढलं.

दुसरा प्रश्न दांडीचा. आइसमेकरच्या कडेला एक जाड तारेची वाकवलेली दांडी असते. खाली असली की यंत्र चालू, वर उचलून अडकवली की बंद. दर खेपेला खडे पडताना ती वर जाऊन खाली येते आणि डबा भरलाय का ते चाचपते. खाली यायला बर्फ आडवा आला तर पुढची खेप थांबते. मटारची पिशवी तिच्याखाली सरकली म्हणूनही माणसं मेकॅनिकला बोलावतात, असं भाऊ म्हणाला. आमची दांडी खालीच होती, तिच्या वाटेत काही नव्हतं.

"आता साच्यात बघ," तो म्हणाला. "त्यात बर्फ आहे का?"

हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा होता, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. साचा डोक्याच्या वर, मागे भिंतीला चिकटलेला. मी स्टुलावर चढून फोनचा कॅमेरा आत धरला आणि आम्ही दोघांनी मिळून फोटो पाहिला. अर्धचंद्राकृती खोबण्या, ओळीनं. सगळ्या रिकाम्या आणि कोरड्या ठणठणीत.

"झालं तर मग," भाऊ म्हणाला. "साच्यात बर्फ तयार होऊन अडकला असता, तर दोष मशीनचा. मोटर, थर्मोस्टॅट, हीटर, काहीतरी. तुझ्याकडं पाणीच येत नाही. जावईबापूंना सांग, नवीन मशीन मागवू नका."

मी अडकले ते 'हीटर'वर. बर्फाच्या यंत्रात हीटर? तो म्हणाला, असतो, कुठंतरी कागद असेल बघ. कागद सापडला तोही अजब जागी: फ्रीजच्या पायाशी असलेली जाळी ओढून काढली, तर तिच्या मागे प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला, मेकॅनिकसाठीचा कागद. मालकाला दिलेल्या जाडजूड पुस्तिकेत सुरक्षिततेच्या सूचनाच फार, खरी माहिती या चतकोरात. तो कागद मी चष्मा बदलून दोनदा वाचला.

त्यातून समजलं ते असं. साच्यात पाणी भरतं. ते गोठून साच्याचं तापमान साधारण पंधरा अंश फॅरनहाइटला, म्हणजे उणे नऊ सेल्सिअसच्या आसपास आलं की थर्मोस्टॅट जुळतो आणि साच्याच्या बुडाशी असलेला हीटर तापतो. त्याचं काम खड्यांची फक्त चिकटलेली कड सोडवण्याचं. त्याच वेळी मोटरीला जोडलेल्या बोटांसारख्या पात्या वरून येऊन खड्यांवर टेकतात आणि तशाच ढकलत राहतात. कड सुटेपर्यंत मोटर जागच्या जागी अडून बसते आणि तिला काही होत नाही, कारण ती अडण्यासाठीच बनवलेली. मग खडे निसटतात, पात्या त्यांना बाहेर लोटतात, आणि फेरी संपता संपता एक चकती मागच्या पाण्याच्या व्हॉल्व्हला सात-आठ सेकंद वीज देते. पुन्हा पाणी. यंत्राला घड्याळ नाही, आणि पाणी खरोखर आलं की नाही हे बघणारा डोळाही नाही. व्हॉल्व्हला वीज दिली म्हणजे पाणी आलं, असं ते गृहीत धरतं. त्यामुळे साचा कोरडा असला तरी तो गार झाला की यंत्र इमानेइतबारे फेरी मारतं, हवेचेच खडे लोटतं आणि पुन्हा पाणी मागतं.

"म्हणजे ते अजूनही मागत असणार," भाऊ म्हणाला. "कान देऊन बस."

मी खुर्ची ओढून फ्रीजच्या कुशीला बसले. दोन फेऱ्यांमध्ये चांगला तास-दीड तास जाऊ शकतो, आणि तेवढा वेळ फ्रीजकडे बघत बसलं की इतिहासाच्या मास्तरणीच्या डोक्यात भलतंच येतं. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं 1833 मध्ये 'टस्कनी' नावाच्या जहाजातून 180 टन बर्फ कलकत्त्याला धाडला होता. हिवाळ्यात तळ्यांवरून करवतीनं कापलेला बर्फ, भुशात आणि गवतात गुंडाळलेला. चार महिन्यांच्या प्रवासात, विषुववृत्त दोनदा ओलांडून, त्यातला सुमारे 100 टन शिल्लक राहिला. पुढे मुंबईतही अमेरिकन बर्फ साठवायला बर्फघर झालं. यंत्रानं बर्फ करण्याची खटपट मात्र फ्लोरिडातल्या जॉन गॉरी नावाच्या डॉक्टरनं केली, तापाच्या रोग्यांची खोली गार राहावी म्हणून. 1851 मध्ये त्याला पेटंट मिळालं, पैसा मिळाला नाही. 1855 मध्ये तो गेला. आता वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये त्याचा पुतळा उभा आहे. सरबतासाठी नव्हे, तापासाठी सुरू झालेली ही गोष्ट, हे शाळेत मी कधी सांगितलंच नाही. अभ्यासक्रमात नव्हतं.

आणि तेवढ्यात पाठीमागून गुणगुण ऐकू आली. सात-आठ सेकंद, मग बंद. पाण्याचा आवाज नाही.

भावाला फोन केला तेव्हा सांगलीत रात्र झाली होती, पण तो खूश झाला. गुणगुणलं म्हणजे व्हॉल्व्हपर्यंत वीज येतेय, कॉइल जिवंत आहे. मग पाणी एक तर व्हॉल्व्हच्या आधी अडलंय, नाही तर नंतर. "दारातून प्यायचं पाणी येतं का?" येत होतं, सावकाश. तर मग नंतर बघ, म्हणाला. साच्याच्या मागच्या टोकाला भिंतीतून एक नळी येते, तिच्यात बोट घाल. घातलं. आत बर्फाची कांडी, पक्की बसलेली.

आता ती वितळवायची. मुलीचं केस वाळवायचं यंत्र मला सुचलं, पण भावानं ठाम नाही सांगितलं: आतलं प्लॅस्टिक वाकडं होतं, आणि पाणी गळत असताना विजेचं उपकरण हातात नको. शिवाय कागदावर टी आणि एच नावाच्या दोन भोकांत तारेचा तुकडा घालून यंत्र जबरदस्तीनं फिरवायची युक्ती दिली होती, ती करून बघण्याची त्याला फार हौस होती. तिथं 120 व्होल्ट असतात हे त्याच कागदावर लिहिलेलं मी त्याला वाचून दाखवलं आणि तो विषय संपवला. फ्रीजची पिन काढली. नातवाला ताप आला की औषध पाजायला आणलेली सिरिंज ड्रॉवरमध्ये होती. कोमट पाणी तिच्यात भरून नळीत मारायचं, खाली टॉवेल धरायचा, गळलेलं टिपायचं, पुन्हा मारायचं. बराच वेळ काही झालं नाही. मग गुळगुळ असा आवाज आला आणि पेन्सिलीएवढी कांडी सुळकन माझ्या मनगटावरून आत बाहीत गेली.

त्या रात्री धडधडाट झाला. शनिवारी सरबतात बर्फ होता. जावई मला "इंजिनिअरबाई" म्हणाला आणि मी ते पाहुण्यांसमोर खपवून घेतलं. त्याचा नवा आइसमेकर तोवर दारात येऊन पडला होता. तो परत पाठवायचं ठरलं.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा शांतता. पुन्हा साचा कोरडा, पुन्हा नळीत कांडी.

इथे माझी अक्कल खरोखरच संपली. नळीत बर्फ का होतो? रोज तिच्यातून पाणी जातंच की, मग तेव्हा कसा होत नाही? भावाचं म्हणणं, पाणी झपकन वाहून गेलं तर नळी रिकामी होते, गोठायला काही उरत नाही. थेंब थेंब गळत राहिलं तर प्रत्येक थेंब जागच्या जागी गोठतो. म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. मी म्हटलं, मग व्हॉल्व्ह खराब. तो म्हणाला, असेलही, पण आधी दाब बघ, कारण पाण्याला जोर नसला की हा व्हॉल्व्ह बंद होत नाही.

हे वाक्य मी त्याला परत म्हणायला लावलं. जोर नसला की उघडत नाही, असं असेल ना? तो म्हणाला, नाही, बंद होत नाही. मग त्यानं दुकानातल्या वॉशिंग मशीनचा एक व्हॉल्व्ह टेबलावर घेऊन कॅमेऱ्यासमोर खोलला. आत रबरी पडदा. नळाचं पाणी त्या पडद्याच्या पाठीमागे शिरतं आणि त्याच पाण्याच्या दाबानं पडदा तोंडावर घट्ट बसतो. विजेचं कॉइल पडद्याला उचलत नाही, तेवढी ताकद त्यात नसते. ते फक्त मधलं एक बारीक भोक उघडतं; पाठीमागचा दाब त्यातून सुटतो आणि समोरच्या पाण्यानं पडदा उचलला जातो. वीज गेली की भोक बंद, पाठीमागे दाब पुन्हा साठतो, पडदा बसतो. दाब साठायला पाणीच मरतुकडं असलं तर पडदा अर्धवट बसतो आणि कडेनं झिरपत राहतं. जन्मभर नळ म्हटला की पाण्याला अडवणारी वस्तू एवढंच माहीत. हा पाण्याच्याच आधारानं पाण्याला अडवतो. मेकॅनिकच्या कागदावर किमान दाब 30 पीएसआय हवा असं ठळक छापलं होतं, ते का छापलंय ते तेव्हा कळलं.

मग आधीची एकेक गोष्ट आठवायला लागली. दारातून ग्लास भरायला वेळ लागायचा, सगळे त्याला सरावले होते. मुलगी म्हणाली, गेले काही महिने खडे पातळ, मधे पोकळ पडत होते; तिला वाटलं जुन्या फ्रीजचं असंच असतं. साचा पुरता भरत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

संशय आधी फिल्टरवर. तो दर सहा महिन्यांनी बदलायचा असतो, आणि तो केव्हा बदलला यावर नवरा-बायकोचं एकमत होईना. नव्या फिल्टरवर पैसे घालण्याआधी जुना काढून त्याच्या जागी फ्रीजबरोबर आलेलं प्लॅस्टिकचं बूच बसवलं, म्हणजे पाणी फिल्टरला वगळून थेट जातं. ग्लास तेवढ्याच वेळात भरला. फिल्टर निर्दोष. रविवारी जावयानं पिन काढून फ्रीज पुढे ओढला, मागची पाव इंची नळी सोडवली आणि बादलीत धरली. शेजारी सिंकचा नळ सोडला तर हात मागे ढकलेल असा, आणि या नळीतून करंगळीएवढी धारही धड नाही. म्हणजे दोष फ्रीजच्या बाहेर.

ती नळी जमिनीतल्या भोकातून बेसमेंटमध्ये उतरत होती. आम्ही तिच्या मागोमाग खाली गेलो: छताच्या तुळयांमधून, कपडे धुण्याच्या यंत्रावरून, गरम पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथे तांब्याच्या अर्ध्या इंची पाइपला एक छोटासा चिमटा आवळलेला होता, वर चावीसारखी मूठ. त्याला सॅडल व्हॉल्व्ह म्हणतात. पाइप कापायचा नाही, डाग द्यायचा नाही. चिमटा आवळायचा, मूठ फिरवली की आतली सुई पाइपला टोचून भोक पाडते. बसवायला स्वस्त आणि सोपा. भोक मुळात सुईएवढं, त्यात वर्षानुवर्षं क्षार आणि गंज साचत जातो. अनेक ठिकाणच्या प्लंबिंगच्या नियमांत तो आता चालत नाही, हे नंतर कळलं. जावयानं मूठ पूर्ण उघडून पाहिली. धार वाढली नाहीच, वर मुठीच्या बुंध्यातून टपटप सुरू झाली. नट किंचित आवळल्यावर ती थांबली, पण तिघांनीही एकमेकांकडे बघितलं आणि प्लंबरला बोलवायचं एकमतानं मंजूर झालं.

प्लंबरनं मुख्य नळ बंद केला, तेवढा तुकडा कापून काढला, तिथे टी-आकाराचा जोड आणि पाव फेऱ्यात उघडणारा साधा बॉल व्हॉल्व्ह बसवला. कापलेला तुकडा त्यानं मला दाखवला: भोकाभोवती हिरवट-पांढरा खर, मधून उजेडही दिसत नव्हता. त्याचं बिल नव्या आइसमेकरपेक्षा जास्त झालं, हे जावयानं एकदा बोलून दाखवलं आणि मग मुलीनं त्याच्याकडे बघितलं.

फ्रीज पुढे ओढलेलाच होता, म्हणून भावाच्या सांगण्यावरून मागचा पाण्याचा व्हॉल्व्हही बदलून टाकला. इतके महिने अर्धवट बसून पडद्याची कड खराब झाली असणार, आणि पाणी शिरतं त्या तोंडाच्या जाळीतही खर अडकलेला होता. दोन स्क्रू, दोन नळ्या, दोन वायरी. पहिल्या दिवसभराचा बर्फ टाकून द्यायचा, तो टाकला; प्लॅस्टिकचा वास येत होता. नंतरचे खडे भरीव, जड. नळीत बोट घालून मी रोज बघते. कोरडी असते.

जुना व्हॉल्व्ह कचऱ्यात टाकायला निघाले तेव्हा भाऊ फोनवर ओरडलाच.

"ए ताई, टाकू नकोस! येताना घेऊन ये. पडदा खोलून बघायचाय मला."

"अरे, विमानतळावर बॅग उघडली तर काय सांगू? वायरी लोंबतायत त्याला."

"सांग, पाण्याचा व्हॉल्व्ह आहे."

"आणि त्यांनी विचारलं, घेऊन कशाला चाललात?"

"मग त्यांना माझा नंबर दे," तो म्हणाला, "मी सांगतो. पण दुकानाच्या वेळात करायला सांग."